शीतनिद्रा वेगळी अन् ग्रीष्मनिद्रा वेगळी, बेडकाला अस्वल बनवू नका

परवा दुपारी पुतण्या मोबाईलवर जंगली प्राण्यांची डॉक्युमेंटरी बघत बसला होता. आधी बर्फातलं अस्वल गुहेत शिरतंय, मग सीन बदलला अन् आफ्रिकेतलं भेगाळलेलं तळं आलं, त्यात चिखलात गाडून घेतलेला मासा, आणि निवेदकाचा शब्द दोन्हीकडं एकच, शीतनिद्रा. पुतण्या म्हणला, काका, एवढ्या उन्हात शीत कुठून आलं? बाहेर पारा ४२ वर होता, पोराचा प्रश्न अगदी बरोबर होता.

हा घोळ मी किती वर्षं बघायलोय. व्हिडिओत तेच, गाईडमध्ये तेच, पहिला पाऊस पडला की पिवळ्याधमक बेडकाचे फोटो फिरायला लागतात त्याच्याखाली पण तेच, म्हणे शीतनिद्रा संपवून बाहेर आला. अरे तो मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने भट्टीसारख्या तापलेल्या जमिनीखाली होता, त्याला थंडीनं नव्हतं गाडलं. उन्हाळ्यात, पाणी आटल्यावर असं दडून पडणं म्हणजे ग्रीष्मनिद्रा.

शीतनिद्रा तुम्हाला माहितीये म्हणून भराभर सांगतो. थंड मुलखात हिवाळ्यात खायला मिळत नाही आणि अंग गरम ठेवायला मात्र जास्त खावं लागतं, हा हिशोब जुळत नाही म्हणून प्राणी अंगच थंड पडू देतो आणि उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर दिवस काढतो. अलास्कात जमिनीत बीळ करून राहणारी खार आहे, तिच्या शरीराचं तापमान उणे २.९ अंशापर्यंत उतरलेलं मोजलंय आणि तरी रक्त गोठत नाही. लडाखचे मार्मॉट, म्हणजे खारीच्याच कुळातले मोठे प्राणी, अर्धं वर्ष बिळात असतात. अस्वल एवढं थंड पडत नाही, काळ्या अस्वलाचं तापमान ३० अंशाच्या वरच राहतं, पण शरीराचा ऊर्जेचा खर्च पाव हिश्श्यावर येतो. आणि हे सगळं थंड मुलखातल्या अस्वलांचं बरं का. किनवटच्या जंगलात जे आपलं अस्वल आहे ते शीतनिद्रा घेतच नाही, बारा महिने हिंडतं, वारुळं उकरून वाळवी खातं, मोहाची फुलं वेचतं. त्याच्या फोटोखाली शीतनिद्रा लिहिणारांनी एवढं तरी बघून घ्यावं.

एक हिवाळ्यात असते, एक उन्हाळ्यात असते, एक बर्फाच्या देशात जास्त, एक आपल्यासारख्या कोरड्या मुलखात जास्त, हे फरक कुणालाही नावावरनं कळतात, त्यात वेळ घालवत नाही.

अडतं ते पुढं. लोक धरून चालतात की ग्रीष्मनिद्रा म्हणजे शीतनिद्राच, फक्त कॅलेंडर उलटं केलेलं. पण थंडीत दडणाऱ्या जनावराला थंडीच हातभार लावते. अंग गार पडलं की आतली सगळी कामं मंदावतात, ढोबळ हिशोबानं तापमान १० अंशानं उतरलं की खर्च निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. आता आपला मे महिना घ्या. हातभर खणलं तरी माती कोमटच लागते, आणि बेडकाचं अंग मातीएवढंच गरम, कारण त्याला स्वतःची वेगळी ऊब नसतेच. गरम अंग म्हणजे खर्च वाढणार, खायला तर काही नाही, मग त्याला गरम अंगातच खर्च दाबायचा असतो आणि बाहेरून कसलीच मदत नाही. ऑस्ट्रेलियातल्या जमिनीत गाडून घेणाऱ्या बेडकांवर हे मोजलंय, त्यांचा खर्च नेहमी निवांत बसून असतो त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर येतो, आणि तोही गारठा नसताना. मला विचाराल तर ही खारीच्या उणे तापमानापेक्षा मोठी करामत आहे आणि कॅमेरेवाले हिच्यावर दोन मिनिटंसुद्धा देत नाहीत.

आणि खरी भीती उपासाची नसतेच, पाण्याची असते. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप कळतं. बर्फाखालच्या अस्वलाला चरबी जळताना शरीरातच पाणी तयार होऊन मिळतं, गुहेत ऊन नाही की झळ नाही, त्याचं भागतं. बेडकाची कातडी मात्र रांजणासारखी आहे, सारखी पाझरते. भर उन्हाळ्यात रांजण उघडा ठेवला तर चार दिवसांत कोरडा पडतो, तसा बेडूक उघडा राहिला तर वाळून जाईल. शीतनिद्रा म्हणजे रात्री चुलीतला इस्तू राखेखाली झाकून ठेवणं, सकाळपर्यंत निखारा पुरला म्हणजे झालं. ग्रीष्मनिद्रेत निखारा तर पुरवायचाच, वर रांजणाची गळती पण बुजवायची.

ती बुजवायच्या तऱ्हा बघा. आपल्या शेतातल्या गाडून घेणाऱ्या बेडकाच्या मागच्या पायाला फावड्यासारखा कडक उंचवटा असतो, त्यानं तो उलटा, मागं मागं सरकत जमिनीत उतरतो, ओल लागेपर्यंत. काळ्या मातीला उन्हाळ्यात ज्या हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्यांचा पण आडोसा मिळतो. ऑस्ट्रेलियातला एक बेडूक तर खाली जायच्या आधी मूत्राशयात पाणी भरून घेतो आणि स्वतःच्याच सुटलेल्या कातडीच्या थरांची पिशवी अंगाभोवती करून घेतो. तिथले आदिवासी लोक दुष्काळात असे बेडूक खणून काढून त्यांचं पाणी प्यायचे. आफ्रिकेतला फुप्फुसमासा, तोच डॉक्युमेंटरीतला, चिखलात वेटोळं करून अंगावर चिकट पाझर सोडतो, तो वाळून पातळ कागदासारखा कोश होतो, तोंडापाशी श्वासापुरतं भोक. पाऊस आला नाही तर तीन-चार वर्षंसुद्धा तो तसाच काढू शकतो.

पण मला सगळ्यात पटलं ते आमच्या बांधावर. मागच्या मे महिन्यात बांधाचे दगड सरळ करायलो होतो तर खालून आठ-दहा शंखी गोगलगायी निघाल्या. शंख हातात घेतला तर हलका, रिकामाच वाटावा असा. तोंडावर पांढरट पापुद्रा, वाळलेल्या खळीसारखा, नखानं वाजवला तर टकटक वाजतोय. आबा म्हणले मेल्यात, टाकून दे. मी एक घरी आणली, पितळीत बोटभर पाणी घातलं अन् त्यात ठेवली. पुतण्या बाजूला बसून. बराच वेळ काही नाही, मग पापुद्र्याची एक कड भिजून सुटली, आतून फेस आला, मग ओला करडा पाय थोडासा बाहेर, परत आत, परत बाहेर, आणि शेवटी एकेक करून शिंगं निघाली. आबा चष्मा लावून बघायलेत. तो पापुद्रा म्हणजे तिनं आतून लावलेलं झाकण. गळती बुजवणं यापेक्षा जवळून कुठं दिसणार?

आणखी एक गोष्ट, जी मला कुठल्याच डॉक्युमेंटरीत ऐकायला मिळाली नाही अन् शेतकऱ्याला पटकन कळेल अशी आहे. फुप्फुसमासा पाण्यात असतो तेव्हा शरीरातली घाण अमोनिया म्हणून पाण्यात सोडून देतो. चिखलात पाणीच नाही, अमोनिया साठला तर विषबाधा, म्हणून तो त्याचा युरिया करतो, तोच, आपल्या खताच्या गोणीतला, आणि महिनोन्‌महिने अंगात साठवून ठेवतो, पाऊस आला की धुवून टाकतो. गाडून घेणारे बेडूक पण युरिया साठवतात, आणि त्यांना त्याचा वर फायदा होतो, अंगातलं पाणी घट्ट झाल्यामुळं कोरडी माती ते ओढून घेऊ शकत नाही. शीतनिद्रेतलं अस्वल उलट युरिया मोडून परत प्रथिनं करतं, म्हणून इतके महिने पडून राहून त्याचं मांस झडत नाही. एकच पदार्थ, एक जण त्याचा अन्नासाठी वापर करतो, दुसरा पाणी धरून ठेवायला. दोन्हींना एका नावानं हाक मारली की हे सगळं झाकून जातं, माझी खरी तक्रार ही आहे.

निद्रा हा शब्दच मला फारसा आवडत नाही, पण रूढ आहे म्हणून वापरतो. ही झोप नसते. अलास्काची ती खार दर दोन-तीन आठवड्यांनी अंग गरम करून शीतनिद्रेतून बाहेर येते आणि त्या वेळात बहुतेक करते काय, तर झोपते. गार पडलेल्या मेंदूला नेहमीची झोप मिळतच नाही. सुप्तावस्था हा शब्द तर त्याहून वाईट, त्यात बी पण येतं, किडा पण येतो, अस्वल पण येतं, आणि कशामुळं ते कळतच नाही.

एक अपवाद सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी काढणारच. मादागास्करमध्ये जाड शेपटीचा छोटा लेमूर आहे, माकडाच्या जातकुळीतला, शेपटीत चरबी साठवून कोरड्या ऋतूत झाडाच्या ढोलीत सात महिने पडून राहतो. ढोली दिवसा ३० अंशाच्या वर तापते, त्याचं अंग पण तेवढं तापतं, रात्री दोन्ही गार. तिथं तेव्हा हिवाळा असतो म्हणून अभ्यासक त्याला शीतनिद्राच म्हणतात. म्हणजे थर्मामीटर बघून नाव देता येत नाही, प्राणी कशापासून लपतोय ते बघावं लागतं.

आता हे प्राणी जागे कसे होतात ते बघू. यातला फरक आपल्याला पैशात मोजावा लागतो. शीतनिद्रेतल्या खारींच्या आत वर्षाचं घड्याळ असतं, प्रयोगशाळेत बारा महिने एकसारखं तापमान अन् एकसारखा उजेड ठेवला तरी त्या साधारण वेळेवर जाग्या होतात. गोगलगाय ओलाव्याची वाट बघते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १८४६ साली इजिप्तच्या वाळवंटातली एक गोगलगाय मेलेली समजून पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवली होती, १८५० साली शंखाच्या तोंडाशी नवा पापुद्रा दिसला म्हणून कोमट पाण्यात ठेवली तर ती चालायला लागली. चार वर्षं. तिला ऋतू कळला नव्हता, पाणी कळलं.

आपली शंखी गोगलगाय मूळची आफ्रिकेची, १८४७ मध्ये मॉरिशसहून कोलकात्याला आणलेली, आणि २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडं तिनं सोयाबीनची कोवळी रोपं कशी साफ केली ते ज्यानं दुबार पेरणी केली त्याला विचारा. तेव्हा कितीतरी जण म्हणायचे, उन्हाळा एवढा कडक गेला, गोगलगाय जळून गेली असंल. ती झाकण लावून बांधात बसली होती. म्हणून जून उजाडायची वाट बघू नका. मे मध्ये अवकाळी जोराचा झाला तरी ती उठते. उन्हाळ्यात खोल नांगरट करून, बांधाचे दगड उलथून ती उघडी पाडली तर ऊन तिला मारतं, कारण झाकण लावलं तरी भर उन्हात ते फार दिवस पुरत नाही. आणि पहिला पाऊस झाला की त्याच संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधाकडेनं टाका, सकाळी उजाडायच्या आत त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. अंडी घालायच्या आधीचे हेच दिवस असतात. आमच्या बांधावर पुतण्यानं या वर्षी पहिल्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी दीड बादली वेचल्या, आणि प्रत्येकीचं झाकण सुटलंय का ते आधी बघत होता.