परमंडळीतील प्रभुभोजन (सोलापूर)

आपण ज्या ख्रिस्ती मंडळीचे सभासद आहोत, तिच्याहून वेगळ्या परंपरेच्या चर्चमध्ये भाकर व द्राक्षारस घेणे. या विधीला प्रॉटेस्टंट घरांत ‘प्रभुभोजन’ किंवा ‘पवित्र सहभागिता’ म्हणतात. कॅथलिक घरांत तो ‘मिस्सा’चा (मुख्य उपासनेचा) गाभा असतो आणि ‘ख्रिस्तशरीर घेणे’ किंवा नुसते ‘कम्युनियन घेणे’ असे म्हटले जाते. शब्दांतला हा फरक वरवरचा नाही. भोजनाला यजमान बोलावतो. ज्याला शरीर मानायचे ते कोणाच्या हाती द्यावे, याचा आधी विचार करावा लागतो. बाप्तिस्मा झालेल्या कोणालाही जिथे बोलावतात ती खुली मेज, फक्त आपल्याच सभासदांना देतात ती बंद मेज, आणि दोन मंडळ्यांनी ठराव करून एकमेकींचे सभासद व पाळक मान्य केले की ती पूर्ण सहभागिता, असे तीन प्रकार मानतात.

बंद मेजेचा उगम कुठला, हा जुना वाद आहे. ‘दिदाखे’ या आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठीच्या शिकवणीच्या ग्रीक ग्रंथाचे हस्तलिखित 1873 मध्ये ब्रायेनिऑस यांना कॉन्स्टँटिनोपल येथे सापडले. ती प्रत 1056 मध्ये उतरवलेली असून 1883 मध्ये छापली गेली. मूळ ग्रंथ बहुधा पहिल्या शतकाच्या अखेरीचा. काही अभ्यासक त्याला दुसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत खाली आणतात. त्याच्या नवव्या अध्यायात, प्रभूच्या नावाने बाप्तिस्मा झालेल्यांखेरीज कोणी यातले खाऊ-पिऊ नये, अशी स्पष्ट ताकीद आहे. पण हे अध्याय आजच्या अर्थाने प्रभुभोजनाचे आहेत की प्रीतिभोजनाचे, म्हणजे मंडळीने एकत्र बसून घेतलेल्या जेवणाचे? दहाव्या अध्यायाची प्रार्थना ‘तृप्त झाल्यावर’ म्हणायची आहे. त्यावरून तिथे पोटभर जेवण असावे असे एक पक्ष मानतो, आणि चौदाव्या अध्यायात रविवारी भाकर मोडण्याचा उल्लेख पुन्हा वेगळा येतो त्याकडे बोट दाखवतो. दुसऱ्या पक्षाच्या मते त्या काळी जेवण आणि विधी वेगळे झालेच नव्हते. हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. करिंथ येथील मंडळीला लिहिताना पौलानेही एकाच बैठकीतल्या भुकेल्यांबद्दल आणि प्यालेल्यांबद्दल तक्रार केली आहे. ज्या अध्यायात ताकीद आहे त्याच अध्यायात, डोंगरांवर विखुरलेले दाणे गोळा होऊन जशी एक भाकर झाली तशी तुझी मंडळी पृथ्वीच्या टोकांपासून गोळा होवो, अशीही प्रार्थना आहे. खुल्या आणि बंद अशा दोन्ही मेजांचे कैवारी एकाच पानावरून आपापला आधार घेतात. ताकीद बाप्तिस्मा न झालेल्यांपुरती आहे, बाप्तिस्मा झालेल्या परक्यांसाठी नाही, हे मात्र वादात वारंवार विसरले जाते.

परक्या गावच्या ख्रिस्ती माणसाचे काय करायचे, याची सोय पुढे पत्रांनी झाली. प्रवासी आपल्या बिशपचे पत्र घेऊन जाई आणि ते पाहून दुसऱ्या गावची मंडळी त्याला मेजेवर घेई. परंपरेने 341 सालच्या मानल्या जाणाऱ्या अंत्युखियाच्या परिषदेतील एका नियमानुसार अशा पत्राविना कोणाही परक्याला स्वीकारायचे नव्हते (परिषदेच्या सालाबद्दल मतभेद आहेत). ही पद्धत महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सभासदत्वाच्या बदलीच्या पत्राच्या रूपाने टिकून आहे. बदली होऊन आलेले कुटुंब जुन्या पाळकांचे पत्र नव्या पाळकांच्या हाती देते.

सोळाव्या शतकातील फुटीनंतर प्रश्नाचे स्वरूप पालटले. 1529 मध्ये मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली यांच्यात ‘हे माझे शरीर आहे’ या वाक्याच्या अर्थावरून एकमत झाले नाही. 1551 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने तत्त्वरूपांतराचा, म्हणजे भाकर व द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात असा, सिद्धांत ठरवून टाकला. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाने (1662) दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर बिशपने हात ठेवून करायचा विधी) झालेल्यांनाच किंवा त्यासाठी तयार असलेल्यांनाच मेजेवर येऊ दिले. सोलापूरच्या दृष्टीने या शेवटच्या नियमाचे महत्त्व अधिक.

सोलापुरात प्रॉटेस्टंट काम अमेरिकन मराठी मिशनचे. मुंबई (1813) आणि अहमदनगर (1831) यांच्यानंतर, मुंबईची रेल्वे 1860 मध्ये सोलापूरपर्यंत आली त्या सुमारास, मिशनने येथे ठाणे घातले. हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे. त्या परंपरेत बिशप नसतो आणि प्रत्येक स्थानिक मंडळी आपला कारभार आपण पाहते. मिशनांनी आपसांत क्षेत्रविभागणी केली होती. कोल्हापूर, सांगली आणि मिरज अमेरिकन प्रेसबिटेरियनांकडे, बीदर व गुलबर्गा मेथडिस्टांकडे, धारवाडचा पट्टा बासेल मिशनकडे होता. त्यामुळे माणसाची मंडळी त्याच्या श्रद्धेपेक्षा त्याच्या जिल्ह्यावरून ठरे. मिरजेचा प्रेसबिटेरियन गिरणीत काम मिळून सोलापुरात आला, की रविवारी काँग्रिगेशनल मेजेशी बसे. त्याला परक्या परंपरेत गेल्यासारखे कितपत वाटे, याबद्दल शंका आहे.

सोलापूरची प्रॉटेस्टंट मेज खुली कधी झाली, याची दोन उत्तरे संभवतात. एक, ती एकीकरणाने खुली झाली. 1924 मध्ये प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांची उत्तर भारत संयुक्त मंडळी झाली, आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स यांच्यासह तिची उत्तर भारत मंडळी (सी.एन.आय.) बनली. दुसरे उत्तर असे, की काँग्रिगेशनल मेज त्याआधीच बरीचशी खुली होती. एकोणिसाव्या शतकातील या परंपरेत इतर सुवार्तावादी मंडळ्यांच्या चांगल्या चालीच्या सभासदांना आमंत्रण देण्याचा प्रघात रूढ झाला होता. दुसरे उत्तर ग्राह्य धरावे असे वाटते, पण एका मर्यादेसह. हा खुलेपणा एकतर्फी होता. अँग्लिकन माणसाला अमेरिकन मिशनच्या मेजेवर बोलावणे होते, तर अमेरिकन मिशनच्या माणसाला अँग्लिकन चर्चमध्ये दृढीकरणाचा नियम आडवा येई. ही विषमता 1970 मध्ये संपली. नागपूरच्या विधीत सहाही मंडळ्यांच्या सेवकांवर परस्परांकडून हात ठेवून त्यांची सेवा एक करण्यात आली. दक्षिण भारत मंडळीने 1947 मध्ये असे न करता सर्व जुने पाळक आहेत तसे स्वीकारले होते, आणि त्यावरून अँग्लिकन जगात अनेक वर्षे वाद चालला. उत्तरेकडील योजना हा वाद टाळण्यासाठीच वेगळी आखली गेली.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये स्थापलेला ‘देवाचा दरबार’ हाही या खुलेपणाचा एक उगम मानण्याचा मोह होतो. दरबारात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही येशूचे शिष्य म्हणून एकत्र येत. पण बाप्तिस्मा न झालेल्यांना सामावून घेणे आणि दुसऱ्या मंडळीच्या बाप्तिस्मा झालेल्या सभासदाला मेजेवर घेणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत करू नये.

मराठी मुलखात या मेजेला आणखी एक परिमाण होते आणि ते नोंदींतून नेहमी निसटते. जिथे पाणवठे जातवार वेगळे होते, तिथे एका प्याल्याला सर्वांनी ओठ लावणे ही साधी गोष्ट नव्हती. दुसऱ्या मंडळीच्या मेजेशी जाण्यापेक्षा दुसऱ्या जातीच्या माणसानंतर तोच प्याला घेणे कितीतरी अवघड होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत स्वच्छतेच्या कारणाने प्रत्येकासाठी वेगळ्या चिमुकल्या पेल्यांची प्रथा निघाली आणि इकडेही आली. आता भोके असलेल्या तबकात बोटभर उंचीचे पेले मांडलेले असतात. तबक रांगेतून हातोहात फिरते आणि पाळकांनी खूण केली की सगळे एकदम पितात. सोय झाली, पण एका प्याल्याचा अर्थ पातळ झाला, आणि हे नुकसान लहान नाही.

भाकरीबद्दलही येथेच सांगितले पाहिजे. मराठी बायबलमध्ये ‘भाकर’ हा शब्द आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या या जिल्ह्यात तो कानावर पडताच तव्यावरची, पदर सुटलेली भाकरी डोळ्यांसमोर येते. मेजेवर मात्र गव्हाच्या पावाचे चौकोनी तुकडे असतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हा रिवाज आहे, कॅथलिक चर्चमध्ये तो कायदा आहे. 1983 च्या धर्मविधिसंहितेतील नियम 924 प्रमाणे भाकर निव्वळ गव्हाची व ताजी, आणि द्राक्षारस द्राक्षांचाच, न बिघडलेला, हवा. ज्वारीची भाकर तेथे चालत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्या बहुधा न आंबवलेला रस वापरतात. मनुका भिजवून, उकळून, गाळून तो घरीही करता येतो, आणि नान्नजसारखी द्राक्षांची गावे जवळ असताना मनुकांना तोटा नाही.

कॅथलिक बाजूने सोलापूर पुणे धर्मप्रांतात (स्थापना 1886) येते. येथील नियम तपशिलाने देणे आवश्यक आहे, कारण ‘कॅथलिक कोणालाच देत नाहीत’ हा समज पुरता खरा नाही. नियम 844 प्रमाणे सर्वसाधारणतः कॅथलिक धर्मगुरू कॅथलिकांनाच संस्कार देतात. मात्र पौर्वात्य ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या सभासदाने आपण होऊन मागितले व त्याची योग्य तयारी असली, तर त्याला देता येते. प्रॉटेस्टंटांसाठी अटी कडक आहेत: मरणाचा धोका किंवा बिशपच्या किंवा बिशप परिषदेच्या मते गंभीर निकड असावी, स्वतःच्या मंडळीचा सेवक मिळणे शक्य नसावे, मागणी स्वतःहून असावी, या संस्काराबाबत कॅथलिक श्रद्धा प्रकट केलेली असावी आणि मन तयार असावे. उलट दिशेने, कॅथलिकाने प्रॉटेस्टंट मेजेवर घेण्यास मुभा नाही. ज्यांचे संस्कार कॅथलिक चर्च वैध मानते त्यांच्याकडूनच, आणि तेही अडचणीच्या वेळी, घेता येते. यामागचे कारण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1964 च्या ऐक्यविषयक आदेशात आहे: दीक्षासंस्काराच्या (धर्मगुरू नेमण्याच्या विधीच्या) अभावामुळे प्रॉटेस्टंट मंडळ्यांत या रहस्याचे पूर्ण स्वरूप राहिलेले नाही, असे तो मानतो. नागपूरला अँग्लिकनांमार्फत बिशपांची परंपरा जोडली गेली तरी हा निर्णय बदलला नाही, कारण अँग्लिकन दीक्षाच 1896 मध्ये पोप लिओ तेरावे यांनी अवैध ठरवली होती.

त्याच आदेशात एक वाक्य असे आहे की सहभागिता ऐक्याची खूण आहे आणि कृपेचे साधनही आहे. खूण म्हणून ती बहुधा आवरावी लागते, साधन म्हणून कधी कधी तिची शिफारस होते. या सबंध विषयावर इतके प्रामाणिक वाक्य दुसरे आढळत नाही.

केरळातून नोकरीनिमित्त आलेल्या कुटुंबांत प्रकरण अधिक गुंतते. सीरो-मलबार (पोपला मानणाऱ्या पौर्वात्य विधीच्या केरळी मंडळीचा) माणूस येथील लॅटिन विधीच्या मिस्सामध्ये कम्युनियन घेतो तेव्हा तो परमंडळीत गेलेला नसतो. विधी वेगळा असला तरी सहभागिता एकच असते. मार थोमा मंडळीची सी.एन.आय. आणि दक्षिण भारत मंडळी यांच्याशी पूर्ण सहभागिता आहे, आणि तिघींची संयुक्त परिषद 1978 पासून आहे. सिरियन ऑर्थोडॉक्स कुलगुरूंच्या (पेट्रिआर्क, म्हणजे सर्वोच्च धर्मप्रमुखांच्या) अमलाखालील याकोबी सभासदाला, आपला पुजारी नसेल तेथे, 23 जून 1984 च्या पोप जॉन पॉल दुसरे व कुलगुरू झक्का यांच्या संयुक्त घोषणेने कॅथलिक धर्मगुरूकडून कम्युनियन मागता येते. कोट्टायमच्या मलंकरा ऑर्थोडॉक्स मंडळीला ही घोषणा लागू नाही, जरी दोघांची उपासना ऐकणाऱ्याला जवळजवळ सारखीच वाटते.

सोलापूरपासून अक्कलकोटमार्गे सीमा ओलांडली की गुलबर्ग्याकडे मेथडिस्ट मंडळ्या लागतात. अमेरिकन परंपरेचे हे मेथडिस्ट 1970 मध्ये ऐन वेळी एकीकरणातून बाहेर राहिले व 1981 मध्ये स्वायत्त झाले. त्यांची मेज खुली असल्याने सीमेपलीकडे लग्न होऊन गेलेल्या मुलींना अडचण येत नाही. मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मीत) प्रभुभोजनाचा विधीच पाळत नाहीत. प्रौढपणी पाण्यात बुडवून झालेला बाप्तिस्माच खरा मानणाऱ्या स्वतंत्र मंडळ्यांत लहानपणी बाप्तिस्मा झालेल्याला मेजेपासून थांबवले जाऊ शकते.

हा प्रश्न प्रत्यक्षात उभा राहतो तो लग्नात. कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांच्या विवाहासाठी धर्माधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि 1993 च्या ऐक्यविषयक मार्गदर्शिकेनुसार असा विवाह सहसा मिस्साशिवाय लावतात, म्हणजे वधू आणि वर यांच्यापैकी एकानेच कम्युनियन घेण्याची वेळ येत नाही. लग्नानंतरच्या रविवारी मात्र ती वेळ येते. रांग पुढे सरकते, नवरा उठतो, बायको बाकावरच बसते. काही ठिकाणी ती रांगेत जाऊन छातीवर हातांची फुली करते. मग फादर तिच्या ओठांशी ख्रिस्तशरीर न नेता तिला आशीर्वाद देतात.