'बाटला' ते 'नवी उत्पत्ती'

नागपूरच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब विचारतात, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय बदललं, ते सगळ्यांसमोर सांगणं. मागच्या महिन्यात आमच्याकडे एक ऑटोवाला उठला. खिशातून घडी घातलेला कागद काढला, पण वाचला नाही. "आधी दिवसाची कमाई दारूच्या भट्टीवर ठेवूनच मी घरी जायचो," एवढं म्हणाला आणि बराच वेळ नुसता उभा राहिला. त्याची बायको पदराने डोळे पुसत होती. मग मागून एका आजीबाईंनी सुरुवात केली आणि सगळ्यांनी साथ दिली : 'जुने ते होऊन गेले, पाहा, ते नवे झाले आहे.'

ओळ बायबलमधल्या पौलाची आहे, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायातली. तिच्या आधी 'नवी उत्पत्ती' हे शब्द येतात. नागपुरात तिचा उपदेश पावणेदोनशे वर्षं होत आला आहे, मात्र 'जुने' म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर दर पिढीला नव्याने शोधावं लागलं.

स्टीफन हिस्लॉप हा फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा मिशनरी १८४५ मध्ये इथे आला, तेव्हा नागपुरावर भोसल्यांचं राज्य होतं आणि इंग्रजांची छावणी कामठीला. पुढच्याच वर्षी त्याने शाळा काढली. हिस्लॉप कॉलेजला, जे १८८३ मध्ये सुरू झालं, त्याचंच नाव आहे. हा माणूस भूगर्भशास्त्रज्ञही होता. विदर्भातले जीवाश्म गोळा करायचा, गोंडांची गाणी उतरवून घ्यायचा. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून बोरीकडे परतताना तो पुराच्या पाण्यात बुडाला. गोंडांविषयीची त्याची टिपणं १८६६ मध्ये इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलने छापली. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण ज्यांना 'जुनं सोडा' असं सांगायचं, त्यांचं जुनं काय आहे ते आधी नीट ऐकून घेणारा माणूस तो होता.

त्या काळात बाप्तिस्मा घेणाऱ्याला आधी सुटायचं ते घर. मराठीत त्याला एक शब्द होता : बाटला. बाटलेल्याच्या हातचं पाणी चालत नाही, पंगतीत त्याचं पान मांडलं जात नाही, आणि वडिलोपार्जित शेतात त्याला वाटा मिळत नाही. या शेवटच्या गोष्टीवर कंपनी सरकारने १८५० साली कायदा केला. धर्म किंवा जात सुटली म्हणून वारसा बुडणार नाही, असं त्यात ठरलं. नागपूर १८५४ मध्ये खालसा झालं. त्यामुळे इथल्या पहिल्यावहिल्या विश्वासणाऱ्यांना त्या कायद्याचा आधार नव्हता. कायदा आल्यावर तरी काय, शेत कोर्टाकडून मिळेल, आईच्या हातची भाकरी कोण मिळवून देणार?

पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनच्या अनाथाश्रमांत पोरकी मुलं आली, वाढली, ख्रिस्ती झाली. 'पोटासाठी बाटले' हा टोमणा त्यांना जन्मभर ऐकावा लागला. ज्याचे आईबाप भुकेने गेले त्या मुलाला हे ऐकवणं मला अजूनही क्रूर वाटतं.

'जुने' या शब्दाचा अर्थ मुळातून बदलला तो नारायण वामन टिळकांनी. कोकणस्थ ब्राह्मण, कवी. काही काळ नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला राहून संस्कृत ग्रंथांचं काम केलेले. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटला. गप्पा काव्याच्या झाल्या, आणि उतरण्यापूर्वी त्याने बायबलचा नवा करार हातात ठेवला. तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असंही तो म्हणाला. टिळकांनी वाचायला घेतलं आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

टिळकांनी सोडलं ते जातीचं सोवळं. अभंग आणि ओवी त्यांनी सोडली नाही, नारायण हे नावही बदललं नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेने मी ख्रिस्ताच्या पायाशी आलो, अशी त्यांची धारणा होती. लक्ष्मीबाई तर नवऱ्याकडे परत आल्यावरही बराच काळ सोवळं पाळत वेगळा स्वयंपाक करत होत्या. जातिभेद माणसाने केला, देवाने नाही, हे त्यांना स्वतःला उमगलं, तेव्हा त्यांनी ते सोडलं. तोवर टिळकांनी वाट पाहिली. आज आमच्याकडे पेटी-तबल्यावर टिळकांची भजनं म्हणतात, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

माझ्या आजीने बाप्तिस्म्यानंतर कुंकू लावणं बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिने ठरवलं. मंगळसूत्र मात्र ठेवलं, त्यात वाट्यांच्या मध्ये एक छोटा क्रूस ओवून घेतला. कुंकवाचा लाकडी करंडा तिने टाकला नाही. त्यात बटणं आणि सुया ठेवायची. शर्टाचं बटण तुटलं की आम्ही तो उघडायचो, तेव्हा झाकणाच्या आतल्या खाचेत लाली अजून दिसायची.

विसाव्या शतकाच्या मध्यावर हा प्रश्न सरकारदरबारी गेला. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी. मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला याच शहरात डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या बावीस प्रतिज्ञांची सुरुवात जुन्याच्या नकाराने होते. ख्रिस्ती बाप्तिस्म्याच्या विधीतही पाण्याआधी विचारतात : सैतान आणि त्याची सर्व कामं यांचा त्याग करतोस काय? काय धरायचं हे कळण्याआधी काय सोडायचं ते मोठ्याने म्हणावं लागतं, एवढं साम्य मला दोन्हींत दिसतं.

जात मात्र इतक्या सहज सुटली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू आणि काही शीख जातींपुरताच ठेवला. १९५६ मध्ये तो शिखांना सरसकट लागू झाला, १९९० मध्ये बौद्धांना. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. कायद्याच्या लेखी ख्रिस्ती माणसाची जात गेली, आणि मंडळीत सोयरीक जुळवताना ती हळूच पुन्हा विचारली जाते. हे आपलं पाप आहे, ते झाकून साक्ष देता येणार नाही. २०२२ मध्ये केंद्राने या प्रश्नावर न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

पंथांच्या भिंती पाडायचा प्रयत्नही नागपुरातच झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट अशी पाटी उतरवणं त्या पिढीला सोपं गेलं नसणार.

आमचा ऑटोवाला साक्ष संपल्यावर बाहेर पाळकसाहेबांशी बोलत होता. घरात आईचा देव्हारा आहे, खोली एकच, काय करू? पाळकसाहेबांनी विचारलं, "तू दारू सोडल्यावर आई काय म्हणाली?" तो म्हणाला, "काही नाही. पण आता माझं ताट झाकून ठेवते."