सदाहरित अझेलिया: क्यूशूच्या डोंगरउतारांवरून घरासमोरच्या वाफ्यात

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, विशेषतः मेरीलँड, व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी या भागांत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांना अझेलियाची ओळख घराबरोबरच होते. आधीच्या मालकाने दारासमोर लावलेली कमरेएवढी झुडपे एप्रिल-मे महिन्यांत अशी बहरतात की पाने दिसेनाशी होतात. आणि पुढे दोन-तीन वर्षे आपण नेहमीच्या सवयीने बुंध्याभोवती खुरपत राहिलो, हिवाळ्यापूर्वी छाटणी केली, की तीच झुडपे रोडावतात. या झुडपाला काय मानवते आणि काय नाही, हे ते कोठून आले यावरून ठरते, म्हणून त्याचा पूर्वेतिहास तपशिलाने पाहिला पाहिजे.

गोंधळ नावापासूनच सुरू होतो. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये अझेलियाला ऱ्होडोडेंड्रॉन या जवळच्या वंशापासून वेगळे काढले, ते मुख्यतः पुंकेसरांच्या संख्येवरून: अझेलियाचे पाच, ऱ्होडोडेंड्रॉनचे दहा. पुढे या मोजणीत न बसणारी झुडपे आढळत गेली आणि एकोणिसाव्या शतकात अझेलिया पुन्हा ऱ्होडोडेंड्रॉनमध्येच समाविष्ट झाली. लिनियसने ज्या झुडपाला ‘इंडिका’ म्हटले ते मूळचे जपानचे. पूर्वेकडील दूरचे देश सरसकट ‘इंडिया’त मोजण्याच्या तेव्हाच्या युरोपीय प्रघाताचा हा परिणाम. रोपवाटिकांत आजही ‘इंडियन अझेलिया’ म्हणून मिळणाऱ्या वाणांचा भारताशी संबंध नाही; त्यांचे मूळ बव्हंशी चीनमधील एका जातीत आहे आणि त्यांचा मोठा विकास बेल्जियममधील गेंट परिसरात झाला. आपल्याकडचा सर्वपरिचित ऱ्होडोडेंड्रॉन म्हणजे हिमालयातला बुरांस आणि त्याचा निलगिरीतला भाऊबंद, आणि तो झुडूप नव्हे, चांगला वृक्ष असतो.

सदाहरित अझेलियाची खरी जोपासना जपानमध्ये झाली. एदो, म्हणजे आजचे तोक्यो, या शहराच्या सोमेई भागातील रोपवाटिकाकार इतो इहेई यांनी १६९२ मध्ये तीनशेहून अधिक प्रकारांचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यांत ‘त्सुत्सुजी’ व ‘सात्सुकी’ असे दोन गट केले. सात्सुकी हे जपानच्या जुन्या पंचांगातील पाचव्या महिन्याचे नाव, साधारण आपल्या ज्येष्ठाच्या सुमाराचे. या गटाला फुले उशिरा येतात. बागेत दोन्ही गटांतील झुडपे लावली तर बहर दीड-दोन महिने पुरवता येतो, ही युक्ती या वर्गीकरणातूनच मिळते.

आज घरोघरी दिसणारी लहान पानांची, दाट फुलांची कुरुमे अझेलिया मात्र क्यूशू बेटावरची. तेथील किरिशिमा, उन्झेन, आसो या ज्वालामुखी पर्वतांच्या उतारांवर उघड्या, आम्लधर्मी मातीत ठेंगणी अझेलिया वाढते. खालच्या टेकड्यांवरील उंच जातीशी तिचा संकर होऊन या वाणांचा पाया घातला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील कुरुमे शहरातील साकामोतो मोतोझो या सामुराईने त्यांतून निवड करून नवी रोपे वाढवली. अझेलियाचे बी धुळीसारखे बारीक असते, मातीत पेरले तर गडप होते. मोतोझो ते ओल्या शेवाळावर पेरत असत. मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण पाणी धरूनही हवा खेळती ठेवणारे माध्यम या झुडपाला लागते, हे त्यांनी रसायनशास्त्राच्या आधाराशिवाय ओळखले होते. ही झुडपे १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनात मांडली गेली. वनस्पतिसंग्राहक अर्नेस्ट विल्सन १९१८ मध्ये स्वतः कुरुमेला गेले आणि त्यांनी निवडलेले पन्नास वाण पुढच्या वर्षी बॉस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानात पोहोचले.

ज्वालामुखीच्या उतारांचा हा वारसा मुळांत दिसतो. बुंध्याजवळची माती बोटांनी हलकेच बाजूला केली तर वीतभर खोलीच्या आतच केसांसारख्या मुळांचे जाळे लागते. खाली जाणारे सोटमूळ नसते. म्हणून येथे खुरपे चालवू नये, पाइनच्या सुया किंवा पालापाचोळ्याचे दोन-तीन इंच आच्छादन द्यावे, ते खोडाला मात्र चिकटू देऊ नये, आणि रोप लावताना मुळांचा गड्डा जमिनीच्या किंचित वरच ठेवावा. मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) ४.५ ते ६ च्या दरम्यान असावा. तो वाढला की लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. शिरा हिरव्या राहतात आणि मधले पान पिवळे पडते. चुनखडीच्या जमिनीतल्या उसावरचा ‘केवडा’ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे लक्षण वेगळे शिकवावे लागणार नाही. दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत अझेलिया थेट जमिनीत का टिकत नाही, याचे उत्तरही हेच आहे. शरदात आतली काही पाने पिवळी होऊन गळतात, त्याची मात्र काळजी नको: वसंतात आलेली पाने तेव्हा झडतात आणि उन्हाळ्यात आलेली लहान पाने हिवाळाभर राहतात. ‘सदाहरित’ या शब्दाचा येथे एवढाच अर्थ आहे.

कुरुमे वाण सुटसुटीत पण लहान फुलांचे होते, तर अमेरिकेच्या दक्षिणेकडील ‘इंडियन’ वाणांची फुले मोठी असूनही वॉशिंग्टनची थंडी त्यांना सोसत नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी वनस्पतितज्ज्ञ बेंजामिन मॉरिसन यांनी मेरीलँडमधील ग्लेन डेल येथील सरकारी केंद्रात हजारो संकर केले आणि त्यांतून ४५४ वाणांना नावे दिली. त्यांची सुमारे दहा हजार रोपे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय आर्बोरेटममधील टेकडीवर १९४६-४७ मध्ये लावली गेली. निधीअभावी ती काढून टाकण्याचा विचार २०१० मध्ये झाला, तेव्हा लोकांनी कडाडून विरोध केला आणि ती झुडपे वाचली.

छाटणीचा नियमही सोपा आहे. पुढच्या वसंताच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, त्यामुळे बहर ओसरताच छाटावे; ऑक्टोबरमधली कात्री पुढच्या वर्षीची फुलेच कापते.

झुडपांबरोबर त्यांची दुखणीही पसरली. फुले एका रात्रीत चिखलासारखी लिबलिबीत करणारी बुरशी १९३१ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटनजवळ प्रथम नोंदली गेली. तिची बीजे जमिनीत हिवाळा काढतात, म्हणून बाधित फुले वेचून नष्ट करावीत आणि जुने आच्छादन बदलावे. पानांचा रस शोषणारा, जाळीदार पंख असलेला कीटक तर जपानमधूनच आला आणि कडक उन्हातल्या झुडपांवर तो अधिक फोफावतो. पान वरून पांढुरके, ठिपकेदार दिसू लागले की ते उलटून पाहावे. खाली काळे चकचकीत ठिपके असतील तर तो कीटक तेथे आहे, आणि मग फवारणीबरोबरच दुपारच्या विरळ सावलीचाही विचार करावा.