भरकटलेले पक्षी (विदर्भ)

नेहमीच्या वावरक्षेत्राबाहेर आणि स्थलांतरमार्गापासून दूर, एकटेदुकटे व अनियमितपणे आढळणारे पक्षी. दर हिवाळ्यात येणारा पट्टकादंब किंवा प्रवासात थोडा वेळ उतरणारा अमूर ससाणा यांत मोडत नाही. गोंदियाच्या धानाच्या बांध्यांतील सारस तर नाहीच. तो तेथला मूळ रहिवासी आहे.

पहिल्याच स्थलांतराला निघालेल्या तरुण पक्ष्यांत भरकटण्याचे प्रमाण अधिक असते. दिशाज्ञानातील दोष आणि प्रतिकूल वारे ही मुख्य कारणे मानतात. चक्रीवादळानंतर समुद्रपक्षी किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत सापडतात.

विदर्भातील नोंदींबाबत खरा प्रश्न वावरक्षेत्राच्या सीमेचा आहे. रानपिंगळा या लहान घुबडाचे उदाहरण यासंदर्भात उद्बोधक आहे. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमध्ये 1872 मध्ये मिळवलेल्या नमुन्यावरून (जतन केलेल्या मृत पक्ष्यावरून) पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी 1873 मध्ये या जातीचे वर्णन केले. त्यानंतर डेव्हिडसन यांनी खानदेशातून आणखी काही नमुने जमवले. 1884 नंतर विश्वासार्ह नोंद नव्हती. अपवाद मानला गेला तो ब्रिटिश पक्षीसंग्राहक माइनर्टझहागन यांचा, गुजरातेतील मांडवी येथे 1914 मध्ये मिळवल्याचा दावा असलेला नमुना. तो डेव्हिडसन यांचाच जुना नमुना चोरून, पुन्हा भरून तयार केलेला होता, असे पक्षीशास्त्रज्ञ रासमुसेन व कॉलर यांनी 1999 मध्ये दाखवून दिले. डेव्हिडसन यांच्या, मृत पक्षी पेंढा-कापसाने भरून जतन करण्याच्या पद्धतीच्या खुणा त्यात शिल्लक होत्या. या खोट्या ठिकाणामुळे आधीचे शोधही चुकीच्या जागी झाले. 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ पक्षी पुन्हा दिसला आणि पुढे मेळघाटातही आढळला. मेळघाटातील पक्षी बाहेरून भरकटत आले असण्यापेक्षा ते तेथे पूर्वीपासून असावेत व पाहणीच झाली नसावी, हे मत अधिक सयुक्तिक दिसते.

पूर्व विदर्भात मालगुजारी तलाव व बोड्या (लहान तळी) यांवर पाणपक्ष्यांचे निरीक्षण तुलनेने बरे होते. ढिवरांच्या (स्थानिक मासेमारांच्या) नजरेतून अनोळखी बदक सहसा सुटत नाही. पश्चिमेकडे लोणार व काटेपूर्णा ही परिचित ठिकाणे होत.

एकट्या पक्ष्याच्या नोंदीसाठी छायाचित्र, तारीख आणि नेमके ठिकाण आवश्यक ठरते. पायात कडे असल्यास त्यावरील क्रमांकही टिपावा. परदेशी बदक वा पोपट असल्यास पिंजऱ्यातून सुटल्याची शक्यता आधी तपासावी. झिजलेली शेपटी व तुटकी पिसे हे तिचे सूचक असू शकतात, मात्र पिसे झडण्याच्या काळात या खुणेवर फारसे विसंबता येत नाही.