रिपोर्टवर ‘रिॲक्टिव्ह’ आलं तर? एचआयव्ही तपासणीसाठी आमच्या लॅबमध्ये येणाऱ्यांना

ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांची चिठ्ठी घेऊन माणसं काउंटरवर येतात. यादीत एचआयव्ही दिसला की आवाज एकदम खाली जातो: “हे कशाला लिहिलंय डॉक्टरांनी?” चिठ्ठीत नाव आलं म्हणजे तुमच्यावर संशय घेतला असं नाही. तुमची संमती नसेल तर आम्ही ही तपासणी करत नाही, 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तसं बंधनच आहे. म्हणून फॉर्म वाचून मगच सही करा. उपाशी पोटी यायची गरज नाही. हाताच्या शिरेतून थोडं रक्त घेतलं की झालं.

एचआयव्ही हा रेट्रोव्हायरस. ‘रेट्रो’ म्हणजे उलटा. आपल्या पेशीत डीएनएवरून आरएनए बनतो, हा विषाणू मात्र स्वतःच्या आरएनएवरून डीएनए बनवतो आणि तो आपल्या पेशीच्या डीएनएत घुसवतो. सातबाऱ्यावर परक्याचं नाव चढावं, तसंच. एकदा नोंद झाली की ती खोडणारं औषध आज नाही. औषधं विषाणूची पुढची वाढ थांबवतात, म्हणून ती रोज आणि कायम घ्यावी लागतात.

“परवा चूक झाली, आज टेस्ट करा,” असं म्हणत येणारेही असतात. त्यांचे पैसे घ्यायला आम्हाला बरं वाटत नाही, कारण इतक्या लवकर रिपोर्टमध्ये काहीच दिसत नाही. विषाणूचा अंश आणि अँटीबॉडी दोन्ही शोधणाऱ्या चौथ्या पिढीच्या तपासणीला साधारण 18 ते 45 दिवस लागतात, नुसती अँटीबॉडी शोधणाऱ्या किटला 90 दिवसांपर्यंत. या मधल्या काळाला विंडो पीरियड म्हणतात. त्या काळातल्या ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका, तारीख मोजून पुन्हा या. प्रसंग घडून 72 तास झाले नसतील तर आमच्याकडे न थांबता आधी सरकारी रुग्णालय गाठा. तिथे लागण टाळण्यासाठी 28 दिवसांचा औषधांचा कोर्स सुरू करता येतो. जितक्या लवकर सुरू कराल तितकं बरं.

आता तो शब्द. आम्ही रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ छापत नाही, ‘रिॲक्टिव्ह’ छापतो, आणि त्याला कारण आहे. आमच्याकडे होते ती चाळणी. चाळणीत कधीकधी खडा समजून दाणाही अडकतो. लागण नसलेल्या माणसाचं रक्तही क्वचित रिॲक्टिव्ह दाखवतं. खात्री करायला वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन तपासण्या लागतात. त्या सरकारी आयसीटीसी केंद्रात, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, मोफत होतात आणि तिथे समुपदेशकही असतो. खरं सांगायचं तर पहिली तपासणीही तिथे फुकट होते. आमच्याकडे येता ते सोयीसाठी, हे ठाऊक असू द्या.

एचआयव्हीने माणूस थेट आजारी पडतो असं नाही. हा विषाणू सीडी4 या पांढऱ्या पेशी संपवत जातो, मग एरवी दबून असलेले आजार डोकं वर काढतात. आपल्याकडे त्यात पहिला नंबर टीबीचा. तरुण वयात अंगभर उठलेली नागीण, तोंडात पांढरा थर, महिनाभर न थांबणारे जुलाब, झपाट्याने घटलेलं वजन, यांतलं काही दिसलं तर डॉक्टर ही तपासणी सांगतात आणि ते बरोबरच करतात. सीडी4 मोजणी 200 च्या खाली गेली की त्या अवस्थेला एड्स म्हणतात.

भारतात पहिली लागण 1986 साली चेन्नईत सापडली. पुढे महाराष्ट्र सर्वाधिक लागण असलेल्या राज्यांत गणला गेला, आणि त्या काळात ऐकलेल्या गोष्टी अजून लोकांच्या डोक्यातून जात नाहीत. 1 एप्रिल 2004 पासून सरकारी एआरटी (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या) केंद्रांत औषधं मोफत मिळू लागली. आधी सीडी4 उतरेपर्यंत थांबवायचे, 2017 पासून निदान झालं की लगेच औषध सुरू करतात. बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. गोळी न चुकवता घेऊन रक्तातला विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईने वेळेत औषध सुरू केलं तर बाळही बहुतेक वेळा लागणीपासून वाचतं.

परदेशी राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला रक्तदानानंतर ‘एचटीएलव्ही’ असं लिहिलेलं पत्र येतं आणि घरच्यांचा फोन आमच्याकडे. तो एचआयव्हीचा भाऊबंद, पण वेगळा. माणसात सापडलेला पहिला रेट्रोव्हायरस हाच, 1980 साली. त्याचा एचटीएलव्ही-1 हा प्रकार जपानच्या नैर्ऋत्य भागात आणि कॅरिबियन बेटांवर जास्त आढळतो आणि आईच्या दुधातूनही पसरतो. त्याने काहींना अनेक वर्षांनी एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग होतो, काहींच्या मज्जारज्जूवर परिणाम होऊन पाय ताठ होतात. बहुतेकांना मात्र आयुष्यभर काहीही होत नाही. एड्स त्याने होत नाही. आपल्या रक्तपेढ्यांच्या सक्तीच्या तपासण्यांत तो नाही आणि आमच्याकडेही ती तपासणी होत नाही.

एचआयव्हीचा रिपोर्ट आम्ही फोनवर सांगत नाही, व्हॉट्सॲपवर पाठवत नाही, नवऱ्याचा बायकोच्या हातात किंवा बायकोचा सासूच्या हातात देत नाही. यावरून काउंटरवर वाद होतात, होऊ देत. बंद पाकीट ज्याचं त्याच्याच हातात. येताना पावती आणि ओळखपत्र आणा. रात्री-अपरात्री काही विचारायचं असेल तर 1097 हा सरकारी हेल्पलाइन नंबर मोफत आहे, नाव सांगावं लागत नाही.