सोनोग्राफी नॉर्मल आलीय, मग दुर्बीण कशाला?

तासगाव, कवठेमहांकाळच्या बाजूला दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला हा प्रश्न नेहमीचा. तो रास्तही आहे. मिरज-सांगलीला जायचं म्हणजे पेशंटचा रोजगार बुडतो, सोबत येणाऱ्याचाही बुडतो. शिवाय दोन्ही तपासण्या पोटाच्याच, मग एक चांगली आल्यावर दुसरी का करायची?

कारण दोन्हींत बघायचं वेगळं असतं. सोनोग्राफी पोटावरून ध्वनिलहरी सोडून यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, किडनी बघते. पित्ताशयातले खडे तर ती फार छान दाखवते. पण हवेतून त्या लहरी नीट पुढे जात नाहीत आणि जठरात, आतड्यात हवा असतेच. त्यामुळे जठराच्या आतल्या अस्तरावरची जखम, म्हणजे अल्सर, तिच्यात सहसा दिसत नाही. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलंय म्हणजे जठर आतून तपासून झालं, असं नाही.

ते काम दुर्बिणीचं, म्हणजे एंडोस्कोपीचं. करंगळीएवढी जाड, लवचिक नळी तोंडातून जाते आणि अन्ननलिका, जठर, लहान आतड्याची सुरुवात थेट दिसते. तिथूनच तपासणीसाठी बारीक तुकडा घेता येतो. यकृत किंवा पित्ताचे खडे मात्र हिला दिसत नाहीत.

कुणाला काय लागतं, हे ओळखायला आधी नीट विचारावं लागतं. द्राक्षबागेत कामाला जाणारी पन्नाशीची बाई येते. म्हणते, पित्त झालंय, थकवा आलाय. डॉक्टर डोळ्याची खालची पापणी ओढून बघतात, आत पांढरं फटक. मग शौचाचा रंग विचारतात. काळा, चिकट. लोहाच्या गोळ्या चालू आहेत का? त्यानंही शौच काळी होते. नाहीत. मग पिशवीतून पाकीट निघतं: गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, कित्येक महिने, रोज. या गोळ्यांनी जठरात जखम होऊन आतल्या आत रक्त जाऊ शकतं. इथं सोनोग्राफीत वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, सतत उलट्या, यांनाही तेच लागू. उलट, जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीकडे जात असेल तर आधी सोनोग्राफीच.

चिठ्ठी लिहून दिली की फॅमिली डॉक्टरचं काम संपत नाही. सोनोग्राफीला बहुतेक उपाशीपोटी जायचं एवढंच सांगावं लागतं. दुर्बिणीला रात्रीनंतर जेवण बंद, पण त्याशिवाय सकाळच्या गोळ्यांचं काय? उपाशीपोटी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीसारखं घेतलं तर साखर खाली येऊ शकते, म्हणून डोस आधी ठरवून घ्यावा. रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद करू नये. हृदयात स्टेंट असेल तर ते जिवावर बेतू शकतं. आणि भीती! “श्वास कोंडंल का?” नळी अन्ननलिकेत जाते, श्वासनलिका वेगळी आहे, श्वास चालू राहतो. उमासे येतात, हे लपवू नये. घसा बधिर करायला स्प्रे मारतात, पाच-दहा मिनिटांत बहुतेकदा उरकतं. झोपेचं इंजेक्शन घेतलं तर मात्र सोबत माणूस हवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही. नंतर घसा थोडा खवखवतो. छातीत-पोटात जोराचं दुखलं, ताप आला किंवा रक्ताची उलटी झाली तर लगेच हॉस्पिटल गाठायचं.

तुकड्याचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो आणि तो आणायला पुष्कळजण फिरकतच नाहीत. तोवर बरं वाटलेलं असतं. त्या रिपोर्टात एच. पायलोरी हा जठरात राहून अल्सर करू शकणारा जंतू निघाला तर अँटिबायोटिकचा कोर्स लागतो, बहुधा 14 दिवसांचा. तो पुरा करून, संपल्यावर निदान चार आठवड्यांनी जंतू गेला का ते पुन्हा तपासायचं. त्यासाठी परत दुर्बीण लागेलच असं नाही, श्वासाची किंवा शौचाची तपासणीही चालते. पित्ताची, म्हणजे ॲसिडिटीची, गोळी तेवढी त्याआधी दोन आठवडे, डॉक्टरांना विचारून, बंद ठेवावी लागते.