दिवाळी मेळावा, कारखान्यातील (बेळगाव परिसर)

कंपनीच्या आवारात दिवाळीचे दिवस सजीव देखाव्यांतून क्रमाने उभे करून कामगार व त्यांच्या घरच्यांना त्यांतून चालत नेण्याची पद्धत. उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतींत यंत्रांची पूजा खंडेनवमीला उरकलेली असते, त्यामुळे दिवाळी कुटुंबांसाठी मोकळी राहते. सजीव देखावे बेळगावला नवे नाहीत. शिवजयंतीच्या चित्ररथांवर ते दरवर्षी होतात. चित्ररथ लोकांसमोरून जातो, इथे लोक देखाव्यातून जातात, म्हणून सजावटीपेक्षा वाट आणि वेळ यांची आखणी महत्त्वाची.

शंभरेक माणसांना चार दालने पुरतात : वसुबारस, नरकचतुर्दशीची पहाट, लक्ष्मीपूजन, पाडवा. बारा-बारांच्या आठ तुकड्या कराव्यात, दर पाच मिनिटांनी एक सोडावी व प्रत्येक दालनात पाचच मिनिटे थांबवावी. शेवटची तुकडी पंचावन्न मिनिटांत बाहेर पडते. एका दालनात निवेदन लांबले की मागे सगळी रांग तुंबते, म्हणून प्रत्येक दाराशी घड्याळ घेतलेला माणूस हवाच. निवेदन मराठी व कन्नड दोन्हींत असावे, पाट्याही तशाच.

पहाटेचे दालन सर्वांत जास्त लक्षात राहते. मंद उजेड, तापलेले बंब, उटण्याचा वास, तळहातावर कोमट तेलाचे दोन थेंब आणि अंगठ्याखाली फोडायला कारीट. मात्र तेल सांडून फरशी निसरडी होते. खाली गोणपाट अंथरावे. उन्हातून आलेल्या डोळ्यांना मंद उजेडात काही दिसत नाही, त्यामुळे सुरुवात सूर्यास्तानंतर, साडेसहाच्या सुमारास करावी. पाडव्याला शेणाचे पांडव आणि सजवलेल्या म्हशीचा गोंडा, घुंगरू पुरेत. खरी म्हैस गर्दीत आणि फटाक्यांच्या आवाजात बुजते.

अंगणातला किल्ला मुलांच्या ताब्यात द्यावा. विटा-दगडांचा उतार रचून त्यावर ओले गोणपाट घालतात आणि तांबड्या मातीचा राडा पातळ थरांत लिंपतात. एकदम जाड थर दिला तर वाळताना भेगा पडतात. मोहरी किंवा अळीव पेरल्यावर हिरवळ यायला चार-पाच दिवस लागतात, म्हणजे काम आठवडाभर आधी सुरू व्हायला हवे. या दिवसांत परतीच्या पावसाची सर येऊ शकते. किल्ला शेडखालीच बांधावा.

पेंट शॉप, थिनर, कटिंग ऑइल आणि गॅसच्या टाक्यांजवळ पणत्या अजिबात नकोत, तिथे विजेच्या माळा लावाव्यात. जिथे पणत्या आहेत तिथे वाळूच्या बादल्या हाताशी असाव्यात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. दालनांचे आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून छोटे स्पीकर लोकांकडे तोंड करून ठेवावेत.

फराळ वाटेच्या शेवटी असावा. तो सुरुवातीला दिला की लोक तिथेच रेंगाळतात आणि वेळापत्रक कोसळते. माणशी दीडशे ग्रॅम कोरडा फराळ व पन्नास ग्रॅम कुंदा (बेळगावची खव्याची मिठाई) धरला, तर शंभर जणांना पंधरा किलो फराळ आणि पाच किलो कुंदा लागतो.

१ नोव्हेंबर टाळावा. त्या दिवशी बेळगावात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि मराठी भाषकांची काळ्या दिनाची निषेध फेरी असते, आणि कुटुंबांना शहरातून ये-जा करणे अवघड होते. सर्वांत मोठी चूक मात्र पाळीची : दुसऱ्या पाळीचे कामगार यंत्रावर उभे असताना मेळावा भरला, तर त्यांची मुले बापाशिवाय देखावे पाहतात. शक्य असेल तर दोन संध्याकाळी, पाळ्या उलटसुलट करून तोच मेळावा पुन्हा भरवावा.